आजोळचं जुनं शेतघर उकलून दुसरीकडे उभं करता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा होता. लांजा तालुक्यात आजोळचं घर आहे, शंभरी कधीच ओलांडलेलं, लाकडी सांगाडा, चिऱ्याचं जोतं, मागे गोठा. जमीन रस्त्यात जातेय. मामा म्हणतात मोबदला घ्या आणि लाकूड जुन्या बाजारात देऊन टाका. ताईंना वाटतंय की घर उचलून वरच्या आंब्याच्या बागेत नेता येईल का, परदेशात असं करतात म्हणे, ते खरं का, आणि केलंच तरी ते जुनं घर राहतं की जुन्या लाकडाचं नवं घर होतं.

ताई, लाकडी घरांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेलीत, उत्तर सरळ देतो. हो, येतं. खांब-तुळयांवर उभं असलेलं घर असेल तर नक्की येतं. पण "हलवणं" हा या कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग त्याच्या आधीचा, घर जागेवर उभं असताना ते नीट वाचून काढायचा. ते केलं तर घर वाचतं, नाही केलं तर ट्रकभर लाकूड वाचतं, आणि या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. हे मला सगळ्यात चांगलं कळलं ते इंग्लंडमधल्या एका शेतघराच्या इतिहासावरून, म्हणून आधी तीच गोष्ट सविस्तर सांगतो, मग तुमच्या घराकडे येतो.

त्या घराचं नाव बेलीफ. मूळ जागा केंट परगण्यातलं चिडिंगस्टोन गाव. 1960 च्या दशकात तिथल्या ईस्ट सरे वॉटर कंपनीनं बॉ बीच नावाचा मोठा जलाशय बांधायला घेतला आणि खोऱ्यातली काही शेतघरं पाण्याखाली जाणार हे ठरलं. आपल्याकडे कोयना, उजनी ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. योगायोग असा की त्याच सुमारास शेजारच्या ससेक्समध्ये रॉय आर्मस्ट्राँग नावाचे एक गृहस्थ जुनी गावाकडची घरं वाचवायला खुलं संग्रहालय काढायच्या खटपटीत होते. युद्धानंतर तिकडे नवी शहरं वसत होती, क्रॉली हे त्यातलंच एक, आणि त्या रेट्यात मध्ययुगीन लाकडी घरं पाडली जात होती, ते बघून त्यांनी हे मनावर घेतलेलं. मग वॉटर कंपनीनं बेलीफ हे घर त्यांच्या संग्रहालयाला देऊन टाकलं, 1968-69 मध्ये ते उकललं, आणि 60-70 किलोमीटर पलीकडे सिंगलटन गावाजवळच्या वील्ड अँड डाऊनलँड संग्रहालयात 1972 पर्यंत पुन्हा उभं केलं. आज तिथे अशी 50 च्या आसपास घरं, कोठारं, कार्यशाळा आहेत.

आता हे घर होतं कसं ते बघा, कारण ते कळल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. खालपासून वरपर्यंत ओकचा सांगाडा. मध्ये एक मोठं दालन, त्याला माळा नाही, थेट छपरापर्यंत उघडं. दालनाच्या दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, वरचा मजला खालच्यापेक्षा जरा पुढे आलेला. एका टोकाला खाण्यापिण्याचं सामान ठेवायच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला घरमालकाची बसायची खोली आणि तिच्यावर झोपायची. छप्पर मात्र सगळ्याला मिळून एकच. खिडक्यांना काच नाही, उभे लाकडी गज आणि आतून झडपा. आणि भिंती म्हणाल तर आपला कूडच, खांबांच्या मधल्या जागेत फाटे विणायचे आणि वरून माती लिंपायची. कोकणातल्या माणसाला ते घर परकं वाटत नाही ते यामुळेच. दालनाच्या मधोमध जमिनीवर आग, धुराला चिमणी नाही, तो छपरात चढायचा आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडायचा. अशा घरांना तिकडे वील्डन हॉल हाऊस म्हणतात, आणि ही गरीब कुळाची झोपडी नव्हती, बऱ्यापैकी सुस्थितीतल्या शेतकऱ्याचं घर होतं.

पण 1968 मध्ये ते असं दिसत नव्हतं! साडेपाचशे वर्षांत लोक त्यात राहिले होते, आणि राहणारा माणूस घर बदलतोच. उघड्या दालनात मध्येच माळा घातलेला, विटांची चिमणी उभारलेली. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला एक साधं जुनं केंटी फार्महाऊस. मग आतलं ते उघडं दालन कळलं कशावरून? लाकडावरून. अशा घरांत छपराचे वासे काजळीनं काळेकुट्ट असतात, आणि काजळी नेमकी मधल्या भागात दाट, टोकाच्या खोल्यांवर नाही, म्हणजे धूर मध्ये चढत होता, म्हणजे तेव्हा मध्ये माळा नव्हता. तुळईच्या खालच्या अंगाला ओळीनं रिकाम्या खाचा दिसल्या की तिथे कधीतरी खिडकीचे गज होते. एखाद्या खांबाला खाच आहे, खुंटीचं भोक आहे, पण त्यात बसणारं लाकूडच नाही, म्हणजे तिथला एक तिरका आधार कुणीतरी काढून टाकलाय. लाकडाला लागलेली प्रत्येक खाच कशासाठी तरी मारलेली असते, कुठलाही सुतार गंमत म्हणून पटाशी चालवत नाही.

पुढे त्या ओकच्या वार्षिक वलयांवरून काळ काढला तेव्हा अजून एक गोष्ट कळली. मधलं दालन आणि सामानाच्या खोल्यांचं टोक 1405 ते 1430 च्या दरम्यानचं, आणि मालकाच्या खोलीचं टोक 1505 ते 1510 च्या सुमाराचं. म्हणजे जे एकसंध घर वाटत होतं त्यात शंभर वर्षांचं अंतर! तीन-चार पिढ्यांनी मधे श्वास घेतलाय तिथे.

आता उकलायचं कसं. इथे एक गोष्ट फार मदतीला येते. त्या काळच्या सुतारांची पद्धतच अशी होती की सांगाडा आधी अंगणात जमिनीवर आडवा जुळवायचा, प्रत्येक सांध्यावर दोन्ही लाकडांना सारखी खूण कोरायची, बहुतेक वेळा रोमन आकडे, कारण पटाशीनं सरळ रेघा मारायला सोप्या, मग सगळं सुटं करून गाडीत घालून जागेवर न्यायचं आणि उभं करायचं. म्हणजे असं घर जन्मालाच सुटं होऊन येतं, उकलणं त्याच्या स्वभावाच्या विरुद्ध नाही. सांधे खाच आणि कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं निमुळतं केलेलं टोक) असे, आणि आरपार लाकडी खुंटी. त्यातही कारागिरी अशी की खाचेतलं भोक आणि कुसवातलं भोक मुद्दाम एका रेषेत पाडत नाहीत, किंचित सरकवतात, त्यामुळे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो, लाकूड ओलं असतानाच वापरलेलं असतं, ते वाळताना आणखी धरून बसतं. याच कारणानं जुनी खुंटी आत वाकलेली असते आणि काढताना बरेचदा तुटते. तिचं फार वाईट वाटून घेऊ नये, खुंट्या नव्या करता येतात. कुसू मात्र तुटता कामा नये, कारण तो तुटला की अख्ख्या तुळईला कलम करत बसावं लागतं.

उकलायचा क्रम बांधण्याच्या बरोब्बर उलटा, कौलं, रिपा, वासे, आढं, तुळया, शेवटी खांब. त्याच्या आधी मोजणी. नुसता प्लॅन नाही, प्रत्येक भिंतीचं, प्रत्येक चौकटीचं दोन्ही बाजूंनी चित्र, त्यावर प्रत्येक लाकडाला नंबर, आणि तोच नंबर लाकडावर धातूच्या पट्टीवर ठोकलेला. खडूनं किंवा मार्करनं लिहू नका, पहिल्या पावसात आणि दुसऱ्या उन्हात जातं. आणि पट्टी नेहमी एकाच ठरलेल्या बाजूला मारायची, समजा पूर्वेकडच्या अंगाला वरच्या टोकाशी, म्हणजे लाकूड हातात घेतलं की ते कुठल्या दिशेनं तोंड करून उभं होतं ते चटकन कळतं. हे लिहिताना क्षुल्लक वाटतं, पण लाकडांचा ढीग समोर पडलेला असताना याच्यासारखा आधार दुसरा नाही.

मग दुरुस्ती. खांबाचा खालचा हातभर भाग कुजला म्हणून खांब बदलायचा नसतो, कुजलेलं तेवढं कापायचं, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरका सांधा मारून जोडायचा. जोड दिसला तर दिसू दे. नवा तुकडा जुन्यासारखा रंगवून लपवायचा प्रकार मला अजिबात पटत नाही, पुढच्या माणसाला कळलं पाहिजे की हे 1410 चं आणि हे 1970 चं.

आता खरा अवघड प्रश्न. सगळं सुटं झालं, दुरुस्त झालं, आता उभं करायचं ते कुठल्या काळातलं घर? चिमणीवालं, ज्यात लोक शेवटपर्यंत राहिले ते? की उघड्या दालनाचं, जे मुळात होतं ते? सिंगलटनच्या लोकांनी मूळ रूप निवडलं, नंतरचा माळा आणि चिमणी परत उभारली नाही, मधोमध आग परत आली. आणि आतलं सामान लावताना 1540 च्या आसपासचा काळ धरला, जो मला फार विचारपूर्वक निवडलेला वाटतो, कारण 1430 धरलं असतं तर नंतरचं ते मालकाचं टोकच खोटं ठरलं असतं. 1540 ला दोन्ही भाग उभे होते, आणि आग अजून जमिनीवरच होती.

तरीही किंमत मोजावी लागलीच. त्या चिमणीभोवती जगलेल्या सगळ्या पिढ्यांचं घर त्यात नाही. मी संग्रहालयाची निवड समजू शकतो, तशी उघड्या दालनाची घरं आत जाऊन बघायला फार थोडी मिळतात, लोकांना धुरानं भरलेलं छप्पर प्रत्यक्ष बघायला मिळणं याला मोल आहे. पण स्वतःच्या आजोळच्या घराला हाच नियम लावू नका असं मी ठामपणे सांगेन. तुम्हाला 1900 सालचं घर नकोय, तुम्हाला आजीचं घर हवंय. आजीच्या वेळी पडवीला जाळी मारली असेल, माजघरात शहाबादी फरशी आली असेल, तर ते पण त्या घराचंच आहे, "ओरिजिनल नाही" म्हणून कुणी आर्किटेक्ट ते काढायला निघाला तर त्याला आधी विचारा की का.

त्याच जलाशयातून आलेल्या दुसऱ्या एका घराची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. विंकहर्स्ट. बॉ बीचच्या खोऱ्यातलंच, बेलीफपेक्षा बरंच लहान, आणि संग्रहालयात सगळ्यात आधी आलेल्यांपैकी. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की हे गरीब माणसाचं छोटं मध्ययुगीन घर आहे, आणि तसंच ते उभं केलं, वर्षानुवर्षं लोकांना तसंच दाखवलं. नंतर अभ्यास पुढे गेला, खुणा परत तपासल्या गेल्या, आणि मत असं झालं की हे स्वतंत्र घरच नाही, एका मोठ्या घराला लागून असलेलं स्वयंपाकघर आहे! मग त्यांनी काय केलं, तर ते परत उकललं, संग्रहालयातच दुसऱ्या जागी नेलं आणि ट्यूडर काळातलं, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातलं, स्वयंपाकघर म्हणून उभं केलं, आता तिथे त्या काळचे पदार्थ करून दाखवतात. हे शक्य झालं कारण लाकूड जपलं होतं, खाचा बुजवल्या नव्हत्या, पुरावा पुसला नव्हता. पहिल्या वेळी कुणी "उगाच भोकं दिसतात" म्हणून पुट्टी भरून पॉलिश मारलं असतं तर चूक कधी कळलीच नसती. म्हणून मी म्हणतो, आज आपल्याला अर्थ लागत नाही ती खूणसुद्धा तशीच ठेवायची.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हलवल्यावर ते तेच घर राहतं का.

यावर आमच्या क्षेत्रात जुना वाद आहे. 1964 ची व्हेनिस सनद म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय नियम, तिचं सातवं कलम स्पष्ट सांगतं की वास्तू तिच्या इतिहासापासून आणि ती जिथे उभी आहे त्या परिसरापासून वेगळी करता येत नाही, ती हलवायची नाही, अपवाद फक्त वाचवायचा दुसरा मार्गच उरला नसेल तर किंवा राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीवरचं फार मोठं कारण असेल तर. मला हे कलम योग्य वाटतं. घर म्हणजे विहिरीकडची वाट, पाऊस कुठल्या बाजूनं झोडपतो, खळं कुठे, गोठ्याचा वास कुठल्या खोलीत येत नाही, हे सगळं धरून असतं, आणि त्यातलं काहीच ट्रकमध्ये चढत नाही. बेलीफच्या बाजूला आज जे कोठार उभं आहे ते 1536 सालचं, काउफोल्ड नावाच्या गावातून आणलेलं, म्हणजे मुळात या दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलंच नाही. देखावा सुंदर जमलाय, शेताचं अंगण कसं असायचं ते कळतं, पण ते रचलेलं अंगण आहे हे संग्रहालय उघड सांगतं, आणि सांगायलाच हवं.

पण पाणी चढणार असेल, रस्ता येणार असेल, तर "जागेवरच ठेवा" म्हणण्याला अर्थ उरत नाही. तिथे निवड घर आणि जागा यांच्यात नसते, घर आणि काहीच नाही यांच्यात असते. तुमची केस तीच आहे. त्यामुळे सनदेचा अपवाद तुम्हाला लागू होतो, मनात अपराधी वाटून घेऊ नका. मात्र त्याआधी रस्त्याची आखणी थोडी सरकू शकते का हे एकदा लेखी विचारून घ्या, कारण जागेवर राहिलेलं घर हे हलवलेल्या घरापेक्षा कधीही बरं.

आणि हे काही एकट्या इंग्रजांचं वेड नाही. स्टॉकहोमला आर्टुर हाझेलियस यांनी 1891 मध्ये स्कान्सेन हे खुलं संग्रहालय उघडलं, स्वीडनभरातून शेतघरं आणून. जपानमध्ये मिबोरो धरणाच्या वेळी शोकावा भागातलं यानोहारा कुटुंबाचं उंच गवताच्या छपराचं मोठं शेतघर 1960 मध्ये योकोहामाच्या सांकेइएन बागेत नेलं, त्या छपराचे वासे दोरखंडानं बांधलेले असतात, त्यामुळे सोडणं-बांधणं त्यांच्या परंपरेतच बसतं. अमेरिकेत तर घर न उकलता अख्खं सरकवतात, ब्रुकलिनमधलं लेफर्ट्स कुटुंबाचं डच धाटणीचं शेतघर 1918 मध्ये तसंच उचलून प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये नेऊन ठेवलं. याउलट तिथलंच यान मार्टेन्स शेंकचं 1670 च्या दशकातलं घर 1952 ला उकललं आणि ब्रुकलिन म्युझियमच्या आत लोकांना बघायला मिळालं ते 1964 ला. मधली बारा वर्षं ते सुटं होतं, लाकूड आणि कागद दोन्ही जपले म्हणून निभावलं.

आपल्याकडे? चेन्नईच्या दक्षिणेला मुट्टुकाडूचं दक्षिणचित्र, दक्षिण भारतातल्या जुन्या घरांचं संग्रहालय, एकदा नक्की बघून या. 1996 ला ते लोकांसाठी उघडलं, आराखडा वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांचा. मालक पाडायला निघालेली जुनी घरं विकत घेऊन, त्या त्या भागातल्या कारागिरांना बोलावून तिथे उभी केलीत. त्यातलं केरळच्या पुथुप्पळीचं सिरियन ख्रिश्चन कुटुंबाचं 1850 सालचं घर तुमच्यासाठी खास, साग आणि फणसाचं लाकूड, आणि समोरच धान्याची कोठी, पिकाला घरात केवढा मान होता ते दारातच कळतं. आपल्या कोकणी घराचं ते मावसभावंडच. आणि पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे, तो कोथरूडहून पडक्या अवस्थेतले अवशेष आणून जुळवलेला आहे, शेतघर नाही, पण असं काम मराठी माणसानं केलंय याचा तो दाखला.

आता लांज्याकडे. फोटोंवरून सांगतो, प्रत्यक्ष बघितल्यावर थोडं बदलेल.

तुमच्या घरात हलण्यासारखं काय आहे: खांब, भाल, तुळया, आढं, वासे, माळ्याच्या फळ्या, दारं-चौकटी, खांबाखालचे तळखडे, आणि बऱ्यापैकी कौलं. जोत्याचे चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेले असतील तर अख्खे निघतात, मधे कधी सिमेंटनं चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, भरल्या असतील तर तिथे तुटणार हे धरून चाला. मातीच्या भिंती हलत नाहीत, पण माती हलते! जुन्या भिंतीची माती भिजवून, मळून परत वापरता येते, आणि वापरावी, रंग आणि पोत तोच येतो. जॅक लावून अख्खं घर उचलणारे लोक हल्ली आपल्याकडेही आहेत, जोतं उंच करायला वगैरे, पण चिऱ्या-मातीच्या आणि सैल झालेल्या सांध्यांच्या घराला, तेही चढावर न्यायला, मी त्या वाटेला जाणार नाही.

पहिलं काम, मामांना आणि गावातल्या जाणत्यांना बसवून घराचा इतिहास लिहून काढा. आज, पुढच्या महिन्यात नाही. कुठली खोली कधी वाढवली, चूल आधी कुठे होती, बाळंतिणीची खोली कुठली, भात कुठे ठेवायचे, छप्पर आधी गवतानं शाकारलेलं होतं का, नळ्याची कौलं होती का, मंगलोरी कधी आली. ग्रामपंचायतीचा नमुना 8, जुने असेसमेंटचे उतारे, वाटणीपत्र, फेरफार, सगळं गोळा करा, त्यात कधीकधी "गवती छपराचे घर" असे उल्लेख सापडतात आणि मग वाशांवरच्या न लागणाऱ्या खाचांचा अर्थ लागतो. एक सावधगिरी, मंगलोरी कौल उलटं केलं आणि त्यावर 1865 दिसलं तर घर तेवढं जुनं असं समजू नका, ते मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्याचं स्थापनेचं साल आहे, कौल नंतरचं असू शकतं. तरी असं छाप असलेलं प्रत्येक कौल बाजूला काढा.

मग मोजणी आणि फोटो. आर्किटेक्चरच्या कॉलेजांतली मुलं आनंदानं मोजायला येतात, त्यांना जेवू घाला आणि नीट नकाशे करून घ्या, पण त्यांच्याबरोबर गावातला म्हातारा सुतार असलाच पाहिजे, मुलं मोजतील, अर्थ तो सांगेल. लाकूड कुठलं ते पण त्यालाच विचारा, साग, फणस, ऐन, किंजळ, एकाच घरात तीन-चार जाती असतात आणि प्रत्येकाची जागा विचार करून ठरवलेली असते. वाळवी कुठवर गेलीय ते ठोकून, टोचून बघा, पोकळ आवाज येतो.

कागदपत्रांचं आधी उरका. भूसंपादनात बांधकामाचा मोबदला मिळाल्यावर साहित्य तुम्ही काढून नेणार आहात हे लेखी मान्य करून घ्या, नाहीतर ऐनवेळी जेसीबी दारात आणि वाद सुरू. जुनं का असेना, लाकूड ट्रकमधून न्यायचं तर वनखात्याच्या जवळच्या ऑफिसात आधी विचारा आणि ते मागतील तो वाहतुकीचा पास घ्या, जुन्या घराचे फोटो आणि पंचायतीचा दाखला सोबत ठेवा. नव्या जागी बांधकामाची परवानगी लागेल, बागेची जमीन आहे, तिचं तलाठ्याकडे आणि तहसीलला बघून घ्या.

वेळ. कोकणातला पाऊस कुणासाठी थांबत नाही. दिवाळीनंतर उकलायला घ्या, नवं जोतं त्याआधी तयार पाहिजे, आणि वैशाखात छपरावर कौलं चढलीच पाहिजेत. ते जमणार नाही असं वाटलं तर त्या वर्षी उभारायची घाई नको, लाकूड जमिनीपासून हातभर वर, मधे पट्ट्या घालून, वारा खेळेल असं रचून, पत्र्याच्या शेडखाली ठेवा. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवायचा मोह होतो, तो टाळा, आत घाम धरतो आणि लाकूड चार महिन्यांत बुरसटतं.

बागेतली जागा निवडताना घराचं तोंड आधी होतं त्याच दिशेला ठेवा. हे भावनेसाठी सांगत नाही. पावसाच्या बाजूची पागोळी, पडवीची रुंदी, कुठल्या खांबाला किती लाकूड, हे सगळं त्या दिशेला धरून केलेलं आहे, तोंड फिरवलंत तर नाजूक बाजू नैर्ऋत्येच्या झोडीत येईल. जोतं जुन्याइतकंच उंच, शक्यतो त्याच चिऱ्यांचं. खांब तळखड्यावरच उभे राहू देत, काँक्रीटमध्ये गाडू नका, गाडलेला खांब खालून कुजतो. वायरिंग, संडास-बाथरूम हवंच, आजच्या माणसाला त्यात राहायचंय, पण ते वेगळ्या छोट्या पडघरात घ्या, जुन्या तुळईला भोक पाडून पाइप नेऊ नका. आणि जुन्या सुतारानं कुठे खुणा कोरल्या असतील तर त्या घासू नका.

खर्चाचा आकडा मी न बघता देणार नाही. पण अंदाज असा बांधा की मोठा खर्च लाकडाचा नाही, हातांचा आहे. असे सांधे जुळवणारे सुतार आता थोडे उरलेत, त्यांना रोजावर बोलवा, ठेक्यावर नको, ठेक्यात घाई होते आणि घाईत कुसू तुटतात. सोबत दोन तरुण पोरं शिकायला लावलीत तर त्या सुताराचं ज्ञानही घराबरोबर वाचेल.

आणि समजा घरच्यांचं एकमत झालंच नाही, किंवा पैसा उभा राहिला नाही, तरी घनफुटाच्या भावानं सुटं लाकूड विकू नका. त्यातल्या चांगल्या तुळया चिरून कुठल्यातरी हॉटेलचं टेबल होतात आणि बाकीचं जळणात जातं. सगळा सांगाडा एकत्र, नंबर घातलेला, नकाशांसकट, तो जसाच्या तसा उभा करणाऱ्यालाच द्या, करारात तसं लिहून घ्या, थोडे पैसे कमी आले तरी चालतील. मामांशी बोलायला मी यायला तयार आहे, फक्त त्याआधी माळ्यावर चढून वाशांचे आणि सांध्यांचे जवळून फोटो काढून पाठवा, विशेषतः स्वयंपाकघराच्या वरचे, आणि माळ्यावरची काजळी पुसू नका.